मागचा पाय

"ठाकूर सर बसणार असतील तर आमची काहीच हरकत नाही," थोरात मॅडम म्हणाल्या, आणि मंडपातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सगळ्यांचा म्हणजे माझ्या अप्पांचा सोडून. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

नारंगखारला महिलांच्या कबड्डी स्पर्धा भरल्या होत्या. गावकीने हौसेनं सगळं थाटात केलं होतं. मॅट अंथरलं होतं, दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्यांची गॅलरी, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मैदानाच्या टोकाला सिनेमासारखा मोठा पडदा. उपांत्य सामना आमच्या अलिबागच्या संघाचा आणि कराडच्या संघाचा होता. आमची कर्णधार मी. थोरात मॅडम कराडच्या मुलींच्या प्रशिक्षक. सामना सुरू व्हायला तासभर उरला असताना फोन आला की टीव्ही पंच वडखळच्या कोंडीत अडकलेत आणि वेळेत पोचत नाहीत.

टीव्ही पंच हे तेव्हा आमच्याकडे तसं नवंच होतं, दोन-तीन वर्षांतलं. मॅटवरच्या पंचांचा निर्णय पटला नाही तर संघाने हातांनी खूण करून रिव्ह्यू मागायचा. मग बाजूच्या खोलीत बसलेला टीव्ही पंच ते चित्र पुढेमागे करून बघतो आणि शेवटचा निकाल देतो. त्याच्यावर अपील नाही.

अप्पा त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. तीस वर्षं शाळेत व्यायामशिक्षक, आणि तेवढीच वर्षं पंच. रायगड जिल्ह्यात कबड्डी खेळलेल्या माणसाला दामोदर ठाकूर हे नाव सांगावं लागत नाही. त्यांच्या सख्ख्या भावाच्या मंडळाचा सामना होता आणि शेवटच्या चढाईत त्यांनी भावालाच बाद दिलं, मग वर्षभर काका आमच्या घरची पायरी चढला नाही, ही गोष्ट मी लहानपणापासून लोकांच्या तोंडून ऐकत आले. गुडघे दुखायला लागल्यावर ते मॅटवर उतरायचे थांबले आणि टीव्ही पंच म्हणून बसायला लागले. त्यातही त्यांचं नाव झालं.

"माझी मुलगी खेळतेय," अप्पा म्हणाले होते. "मी बसणं बरं दिसणार नाही."

"सर, दुसरं कोण आहे?" स्पर्धेचे अध्यक्ष अजिजीने म्हणाले.

"नसेल तर रिव्ह्यूशिवाय खेळवा. इतकी वर्षं तसेच खेळत होतो."

"पडदा लावलाय, लोकांना सांगितलंय. आणि दोन्ही संघांनी मान्य केलेल्या नियमांत रिव्ह्यू आहे."

"माझी मुलगी खेळतेय," अप्पा पुन्हा म्हणाले.

तेव्हा थोरात मॅडम पुढे आल्या. बुटक्या, दणकट, आवाज घोगरा. त्या स्वतः एके काळी महाराष्ट्राकडून खेळलेल्या. त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला आणि ते हरकत नसल्याचं वाक्य म्हणाल्या. वर म्हणाल्या, "तुम्ही मला पुण्याच्या सामन्यात बाद दिलं होतंत, सर. मी तुमच्याशी भांडले होते. घरी जाऊन झोपताना मला कळलं की मी बाद होते. तुम्ही बसा. मुलीचं काय, तुम्ही तिलाही सोडणार नाही."

लोक हसले. अप्पा माझ्याकडे वळले. म्हणजे चेहरा माझ्याकडे वळला, नजर माझ्या कानामागे कुठेतरी होती. मला वाटलं, ते माझी परवानगी मागताहेत. मी मान हलवली. ते तसेच बघत राहिले. मग मी तोंडाने म्हणाले, "बसा, अप्पा. काही होत नाही."

आणि ते त्या खोलीत गेले.

सामना अटीतटीचा झाला. कराडकडे सोनल साळुंखे नावाची चढाईपटू होती, एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ, पायांत स्प्रिंग लावल्यासारखी. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, खेळावरच मिळालेली ठाण्याला नोकरी, अंगात अनुभव भरपूर आणि वेग जरा कमी झालेला. तिच्याकडे बघून मला माझं वय कळत होतं.

पहिला डाव संपत आला असताना तिने बोनस घेतला. बोनस म्हणजे असं, की समोर सहा किंवा सात जणी उभ्या असल्या तर चढाई करणारीने पुढचा पाय समोरच्या बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि परत यायचं, एक गुण मिळतो. अट एकच. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. जमिनीला लागलेला असला तर गुण नाही. सोनल माझ्या कोपऱ्यात आली होती, मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तिचा मागचा पाय मला स्वच्छ दिसला. वर होता. फार नाही, पण वर होता.

मॅटवरच्या पंचाने गुण दिला नाही. थोरात मॅडमनी लगेच रिव्ह्यू मागितला. पडद्यावर ती चढाई संथ करून दाखवली. कॅमेरा एकच आणि जरा लांबून, तरी पायाखाली निळ्या मॅटची बारीक चीर दिसत होती. गॅलरीतून "आहे, आहे, बोनस आहे" असा आवाज उठला. मग स्पीकरवर निकाल आला, बोनस अमान्य.

सोनलने थोरात मॅडमकडे बघितलं. मॅडमनी हात खाली केला, म्हणजे खेळ. मी मनात म्हणाले, आपल्याला इथून जे दिसतं त्यापेक्षा खोलीतल्या छोट्या पडद्यावर जास्त दिसत असणार. अप्पांनी दिलं म्हणजे काहीतरी बघूनच दिलं. हा विचार मी अगदी सहज केला. तीस वर्षांची सवय होती ती, सगळ्या जिल्ह्याची.

दुसऱ्या डावात शेवटचं मिनिट उरलं तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई माझी. समोर सहा जणी. मी बोनससाठीच गेले. त्याच कोपऱ्यात, त्याच पंचासमोर. सोनलच आता माझ्या पलीकडे साखळीत उभी होती. मी पुढचा पाय टाकला आणि टाकतानाच मला कळलं की दमलेला मागचा पाय पुरता सुटला नाही. अंगठ्याखाली मॅट होतं. खेळणारीला ते कळतंच, त्याला पडदा लागत नाही. मी परत आले.

पंचाने गुण दिला नाही. बरोबरच होतं. मी मागे वळून जागेवर जायला लागले, तर आमचे प्रशिक्षक नाईक सर बाकावरून उठून रिव्ह्यूची खूण करत होते. मी त्यांना हाताने नको म्हणाले. पण खूण झाली होती, सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, शिट्टी दिली होती.

पडद्यावर माझा पाय आला. एवढा मोठा. सगळ्या गावाने बघितला. अंगठा मॅटवर टेकून चक्क दबलेला दिसत होता. गॅलरीत कुणी काही ओरडलं नाही, ओरडण्यासारखं काही नव्हतंच. एक-दोन जण हसले. आमच्याच संघातली एक जण म्हणाली, "कशाला वाया घालवला रिव्ह्यू."

स्पीकर खरखरला. "टीव्ही पंचांचा निर्णय. बोनस मान्य. अलिबाग, एक गुण."

मी आयुष्यात बरेच सामने हरले आहे. हजारो लोकांनी हुर्यो केलेली ऐकली आहे. पण त्या क्षणी गॅलरीत जी शांतता झाली तशी मी कधी ऐकलेली नाही. आमच्याच तालुक्यातली माणसं होती ती, आमची माणसं. एकानेही टाळी वाजवली नाही. बायकांच्या रांगेत माझ्या चुलत्या बसल्या होत्या, त्यांनी पदर सावरत खाली बघितलं.

मी सरपंचांकडे गेले. म्हटलं, "माझा पाय खाली होता."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "टीव्ही पंचांचा निकाल आहे, बाई. मी काय करणार. चल, खेळ."

मग सोनलची चढाई. ती रागाने आली, आणि राग आला की चढाई सरळ होते. माझ्या मनात त्या वेळी काय होतं म्हणाल तर एवढंच, की हिला जाऊ दे. हिला एक गुण घेऊन जाऊ दे म्हणजे बरोबरी होईल. मी तसं ठरवलं होतं. पण ती माझ्या अंगावरून वळली आणि माझा हात आपोआप तिच्या घोट्यावर गेला. इतक्या वर्षांत हाताला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. बाकीच्या तिच्यावर पडल्या. आम्ही जिंकलो.

हस्तांदोलनाच्या रांगेत सोनलने माझा हात हातात घेतला नाही. तिचा हात नुसता माझ्या हातावरून गेला. थोरात मॅडम मात्र त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. अप्पा बाहेर आले तेव्हा त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला, सामन्याआधी केला होता तस्साच, आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी अप्पांच्या बाजूने उभी राहिले असते. नमस्काराला काय उत्तर देणार.

आमचं गाव तिथून जवळच. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी होता, म्हणून मी मुक्कामाला घरीच जाणार होते. माझी स्कूटर होती. अप्पा मागे बसले. त्यांनी दीड-दोन वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं होतं, पाठ दुखते म्हणून. खाडीच्या बांधावरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना पाणी. अर्ध्या वाटेत मी गाडी थांबवली आणि उतरले.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही सांगा काय झालं."

ते मागच्या सीटवर तसेच बसून राहिले.

"माझा अंगठा टेकला होता, अप्पा. मला कळला, पडद्यावर सगळ्यांना दिसला. त्या मुलीचा पाय वर होता. तिला नाही म्हणालात. मला दिलात."

"मला वाटलं तसा निकाल दिला."

"कशाच्या जोरावर वाटलं? मी सांगितलं होतं का, मला जिंकवा? सत्तावीस वर्षांची झाले मी. आता माझं बोट धरून मला अंतिम सामन्यात न्यायचं होतं का?"

"हर्षला, घरी चल."

"लाज वाटली मला आज. ठाकूर सरांची मुलगी म्हणून तिथे उभं राहायची लाज वाटली."

हे मी बोलले. त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं होतं. मला वाटलं, माझ्या नजरेला नजर देववत नाही म्हणून. मी पुन्हा गाडी सुरू केली. घरापर्यंत त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि तो मला नकोसा झाला होता.

आईने दारातच आमच्याकडे बघितलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिने चहा ठेवला. मी ओट्यापाशी उभी राहून तिला सगळं सांगितलं, अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात. ती ऐकत राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीत गेली आणि अप्पांना म्हणाली, "सांगा आता तिला. नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस."

"दोन वर्षं गप्पच बसलेय."

अप्पा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "मला दिसत नाही."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय दिसत नाही?"

"समोरचं. डोळ्यांचा पडदा गेलाय मधोमध. मुंबईला दाखवलं होतं, तुझ्या आईला घेऊन गेलो होतो. ऑपरेशनने होणारं नाही म्हणाले. कडेकडेचं दिसतं. चालता येतं, माणूस आलेला कळतो. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तू आता समोर उभी आहेस, मला तुझ्या बाजूचं दार दिसतंय."

मी दाराकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"मग टीव्ही पंच म्हणून कसे बसत होतात?"

"शेजारी नेहमी एक सहायक पंच असायचा. मी म्हणायचो, आधी तुझं मत सांग. तो सांगायचा, मी दोनदा चित्र फिरवायला लावायचो आणि त्याचंच द्यायचो. लोक म्हणायचे, ठाकूर सर नव्या पोरांना तयार करतात. आज शेजारी कुणी नव्हतं. मशीन चालवणारा केबलवाला होता, त्याला बोनस म्हणजे काय तेही माहीत नव्हतं."

"म्हणून नको म्हणत होतात."

"तू खेळतेयस हे एकच कारण माझ्याकडे होतं. तेही मॅडमनी काढून घेतलं. सगळ्यांसमोर दुसरं कोणतं कारण सांगणार होतो?"

"मग निकाल कसा दिलात?" मी विचारलं.

"ती मुलगी सकाळच्या सामन्यात मागचा पाय ओढत होती, असं नाईक कुणाला तरी सांगत होता, ते कानावर आलं होतं. म्हणून तिचा खाली असणार असं धरलं. आणि तुझा..." ते घुटमळले. "तुझा पाय मीच तयार केलाय, हर्षला. अंगणात विटा मांडून. तुझा मागचा पाय टेकूच शकत नाही, असं मला वाटलं."

आई आत निघून गेली.

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. बांधावर काय बोलले ते माझ्या कानात वाजत होतं. त्यांनी माझ्यासाठी काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि नेमका तोच चुकला होता. अप्पांची लाज वाटायची थांबली नाही, माझी स्वतःची वाटायला लागली एवढंच. कशाची जास्त ते मला आजही सांगता येणार नाही.

"उद्या सांगू या," मी म्हणाले.

"नाही."

"अप्पा."

"ऐक. आज लोक काय म्हणताहेत? ठाकूर लेकीकडे झुकला. म्हणू देत. एकदा झुकला, बापच आहे, म्हणतील आणि सोडून देतील. पण डोळ्यांचं कळलं तर गेल्या दोन वर्षांत मी दिलेला एकेक निकाल उकरून काढतील. काही राहणार नाही माझं."

त्यांनी हे हिशोबाने ठरवलेलं होतं. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या ठरवलं असणार. माझ्या शिव्या ऐकून घेतल्या त्याही त्याच हिशोबाने.

"आणि माझं काय राहील?" मी म्हणाले. "मी जिथे जाईन तिथे बापाने दिलेल्या गुणावर जिंकलेली म्हणतील. तुमचे डोळे झाकायला माझं नाव पांघरता तुम्ही."

त्यांनी माझा चेहरा शोधल्यासारखी मान थोडी हलवली. मग उठून, भिंतीला हात लावत, अंगणात गेले. जेवायला आले नाहीत.

सकाळी मी उठले तेव्हा ते आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "कराडच्या मुली कुठे उतरल्यात?"

नारंगखारच्या शाळेत उतरल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची गाडी दारात होती आणि मुली पिशव्या चढवत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या. थोरात मॅडम बाहेर आल्या.

"सर, झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "काही बोलू नका. मला त्रास होईल."

"तुमच्याशी नंतर बोलतो," अप्पा म्हणाले. "ती चढाई करणारी मुलगी कुठे आहे?"

सोनल गाडीच्या पायरीवर उभी होती. ती खाली उतरली. अप्पांनी तिच्या पावलांच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"बाळ, काल पहिल्या डावात तुझा मागचा पाय वर होता का?"

तिने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची.

"वर होता, सर," ती म्हणाली.

"माझ्या मुलीनेही तेच सांगितलं. मला दिसला नाही. तिचा टेकलेला तोही दिसला नाही. मला पडद्यावरचं काही दिसतच नाही. दोन वर्षं झाली."

सोनलने विचारलं, अगदी साधेपणाने, जसं एखादं न समजलेलं विचारावं तसं, "मग तुम्ही बसलात कशाला?"

"सोनल," मॅडम म्हणाल्या.

"विचारू दे," अप्पा म्हणाले. "बरोबर विचारतेय."

ते तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडावेत की खाली ठेवावेत ते न कळल्यासारखे. ज्या माणसासमोर जिल्ह्यातले दांडगे खेळाडू चुळबुळत उभे राहिलेले मी पाहिले होते, तो माणूस एका वीस वर्षांच्या मुलीपुढे तसा उभा होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी गेले नाही, एवढीच माझी त्या दिवशीची कामगिरी.

नंतर आम्ही अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सर, हे आपल्यात राहू द्या. आमच्या स्पर्धेचं नाव जाईल." अप्पा म्हणाले, "नाव माझं जाईल, स्पर्धेचं नाही," आणि पंच संघटनेच्या सचिवांना तिथूनच फोन लावायला सांगितला. मी अध्यक्षांना म्हणाले, अंतिम सामना कराडने खेळावा, आम्ही बाजूला होतो. माझ्या संघातल्या दोघी-तिघी माझ्यावर उखडल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं, गुण मी घेतला होता आणि अंतिम सामना सोडायचा त्यांनी. पण तो प्रश्न थोरात मॅडमनीच मिटवला. "असा दिलेला सामना आम्हाला नको," त्या म्हणाल्या. "निकाल लागला तो लागला." आणि त्यांची गाडी निघून गेली.

अंतिम सामना आम्ही खेळलो आणि सपाटून हरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढे अप्पा म्हणाले होते तसंच झालं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि लोकांनी खरोखरच जुने निकाल उकरून काढले. फक्त अप्पांना वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने. कुणी घरावर चालून आलं नाही. माणसं एकेक करून येत. खेळणं सुटलेली, पोट सुटलेली, कुणी लेकराला घेऊन. अंगणात खुर्चीवर बसत, चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत, आणि मग निघता निघता विचारत.

रोह्याचा एक जण आला होता. वर्षभरापूर्वी त्याच्या हातातून निवड गेली होती, जिल्हा अजिंक्यपदाच्या सामन्यात शेवटच्या चढाईत बाद दिल्यामुळे. कुणाला स्पर्श न होताच कडेच्या पट्टीत, लॉबीत, पाय गेला असा निकाल होता. त्यानंतर त्याने खेळ सोडला, आता टेम्पो चालवत होता. मी त्या वेळी रजेवर घरी होते. तो हळूच म्हणाला, "सर, म्हणजे मी तेव्हा बाद नव्हतो का?"

"मला सांगता येणार नाही," अप्पा म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं."

"पण सहायकाने तरी..."

"त्याने काय सांगितलं ते मला आठवत नाही. असेल बरोबर, नसेलही."

त्याला रागवायचं होतं की नाही तेही त्याला ठरवता येत नसावं. मग अप्पांच्या पाया पडला आणि टेम्पो घेऊन गेला. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत अप्पा आवाजाकडे कान देऊन बसले होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, इतका लांबून आला होता. बाद नव्हतास, एवढं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? बरं वाटलं असतं त्याला."

"पुन्हा न बघता निकाल देऊ?" अप्पा म्हणाले.